बदलीची खिडकी

ती बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. एप्रिलची दुपार. बाहेर लू सुटलेली. विजय नगरच्या त्या ऑफिसात काचांवर आतून जुने पडदे ओढलेले, आणि खालच्या मोटरसायकलींच्या शोरूममधून नव्या टायरांचा वास जिन्यानं वर येत होता. सुहासिनी डबा खाऊन, हात धुऊन पुन्हा खुर्चीत येऊन बसली होती. जिरावण मसाल्याची पुडी टेबलावर तशीच उघडी होती. एवढ्यात मोबाइल वाजला.

"पाठवलं बघ," तिचे यजमान लक्ष्मीकांत मिलमधून म्हणाले.

"बघते."

तिच्या कम्प्यूटरच्या पडद्यावर एक ओळ उमटली. मिल, टाइम ऑफिस. नावाच्या जागी त्यांचंच नाव.

"अहो, तुमचंच नाव घातलंत?"

"मग कुणाचं घालू? मीपण बदली कामगार म्हणूनच वर आलोय. पहिला मान माझा."

"तुमच्याकडे काय लिहून आलंय?"

"बैठिए, बुलाते हैं." त्यांनी वाचलं आणि हसले. "छान दिसतंय गं, सुहास."

"मग बसा आता. वेळ लागेल."

"बसलोच आहे. मी कुठं जातोय?"

तिनं फोन ठेवला. चहा आला, तो ती प्यायली. पडद्यावरची ती ओळ तशीच होती. तासाभरानं मिलचा चौकीदार संताजी बाहेरच्या पीसीओवरून बोलला. त्याला धड बोलता येत नव्हतं.

"ताई... साहेब उठून नाही राहिले. खुर्चीतच बसलेत. डोळे उघडे आहेत... कम्प्यूटरकडे बघून राहिलेत."

*

मिल बंद होऊन तेव्हा पाचएक वर्षं झाली होती. इंदूरच्या त्या भागातल्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. चौथीतल्या मुलालाही कुठला भोंगा कुणाचा ते ओळखता यायचं, ते दिवस सरले. बापांच्या गळ्यातला बिल्ला खुंटीला गेला आणि पोरं विजय नगरकडच्या नव्या काचेच्या दुकानांत कामाला लागली. लक्ष्मीकांत मिलमध्ये टाइमकीपर होते. कोण हजर, कोण गैरहजर, कुणाच्या जागी कोण, हे बघणं त्यांचं काम. सुहासिनी शाळेत गणित शिकवायची. घर चालवायला काहीतरी नवं यायला हवं, म्हणून चाळिशी उलटल्यावर तिनं कम्प्यूटरचा कोर्स केला. तिचाच एक जुना विद्यार्थी, रजत, यानं तिला आपल्या छोट्या कंपनीत घेतलं. तो अजून तिला मॅडमच म्हणे, आणि तीही त्याला वर्गातल्यासारखंच दटावी.

काम असं आलं होतं. मिलच्या जुन्या कामगारांना बीमा हॉस्पिटलात उपचार चालू ठेवायचे, तर मिलमध्ये काम केल्याचा पुरावा दाखवायला हवा होता. सरकारी खात्यानं ठरवलं की यासाठी एक वेबसाइट करायची. कामगारानं कुठल्याही सायबर कॅफेत जावं, नाव आणि बिल्ला नंबर टाकावा, आणि पुरावा छापून न्यावा. मिलच्या हजेरीची हजारो पानं कम्प्यूटरमध्ये चढवली गेली. ती वाचता येणारा एकच माणूस उरला होता, म्हणून लक्ष्मीकांत पुन्हा त्या ओस टाइम ऑफिसात जाऊन बसू लागले. पाच वर्षांनी त्यांच्या चालण्यात पुन्हा घाई आली होती.

अडचण एकच होती. कायम कामगाराचं नाव एका जागी सापडे. त्याचं उत्तर लगेच मिळे. बदली कामगाराचं, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजापुरतं घेतलेल्याचं, तसं नव्हतं. तो आज सूतकताईत, उद्या मागावर, परवा कुठेच नाही. त्याला शोधायला सगळी पानं चाळावी लागत आणि त्यात पाच-सात मिनिटं जात. तेवढा वेळ ब्राउझर थांबत नसे. माणूस कंटाळून पुन्हा बटण दाबी, मग पुन्हा, आणि एकाच माणसाच्या चार विनंत्या एकमेकींना रेटत राहत. सगळंच तुंबे.

"सोपं आहे, मॅडम," रजत तेव्हा म्हणाला होता. "तीस सेकंद. नाही आलं उत्तर तर काट दो. एरर दाखवायचा, खतम."

"म्हणजे बदलीवाल्यांनाच कापायचं."

"तसं नाही ना..."

"तसंच आहे. तीस सेकंदांत दुसरं कोण अडकणार आहे?"

घरी तिनं हे लक्ष्मीकांतांना सांगितलं. त्यांनी जेवता जेवता हात थांबवला. "यात काय अवघड आहे? खिडकीसारखं कर की."

ती खिडकी तिला लग्नापासून ऐकून माहीत होती. मिलच्या गेटाशेजारी टाइम ऑफिसची एक लाकडी झडपेची खिडकी होती. पाळी सुरू होण्याआधी बदली कामगार तिथं येत आणि आपलं कार्ड आत देत. आतला माणूस कार्ड घेई आणि म्हणे, "बैठो, बुलाते हैं." मग ते समोरच्या निंबाखाली बसत. भोंगा झाला, कोण आलं नाही ते कळलं, की एकेकाला नावानं हाक. "आत जा" म्हणायचं, नाहीतर कार्ड परत देऊन म्हणायचं, "आज नाही." आज नाही, हेसुद्धा नाव घेऊन, तोंडावर सांगायचं. शेवटच्या माणसाला उत्तर मिळेपर्यंत झडप ओढायची नाही. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

तिनं तसंच केलं. बटण दाबलं की विनंती लगेच ठेवून घ्यायची, माणसाला एक नंबर द्यायचा आणि मोकळं करायचं. मागे प्रोग्रॅम एकेक विनंती उचलून शोधत राहील. माणसानं चहा पिऊन यावं, नंबर टाकावा, उत्तर घ्यावं. पडद्यावर तिनं लिहिलं होतं, "कृपया प्रतीक्षा करें." लक्ष्मीकांतांनी ते खोडायला लावलं.

"प्रतीक्षा वगैरे नको. ते लोक उठून जातील. मी म्हणायचो तेच लिही."

त्या खिडकीचं आणखी एक होतं, आणि ते लक्ष्मीकांत फार कमी वेळा बोलत. मिल बंद झाली त्या दिवशी दुसऱ्या पाळीची कार्डं त्यांनी घेतलेली होती. तेवढ्यात आत कुजबुज सुरू झाली. ते खिडकीतून म्हणाले, "बैठो, पूछके आता हूँ," आणि आत गेले. आतून सगळ्या स्टाफला पोलिसांच्या देखत मागच्या फाटकानं बसमध्ये घालून बाहेर काढलं. त्यांना खिडकीकडे कुणी जाऊच दिलं नाही.

"सुहास, त्यांना कुणी सांगितलं असेल गं?" ते कधीतरी जेवता जेवता मध्येच विचारत.

"मिल बंद झाली हे अख्ख्या इंदूरला कळलं. त्यांना नाही कळणार?"

"कळणं वेगळं," ते म्हणत. "सांगणं वेगळं."

*

तेरावं झाल्यावर ती ऑफिसात आली. मिलमधला कम्प्यूटर रजतनं परत आणून कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला होता. वर त्याचं निळं कापड घातलेलं, तारा गुंडाळून बाजूला ठेवलेल्या. तिनं तिकडे फार वेळ बघितलं नाही.

"मॅडम, एक सांगू का..." रजत चाचरत म्हणाला. "काकांची ती रिक्वेस्ट अजून अडकलेली आहे. मी सर्व्हर बंद करून चालू केला. ती पुसून टाकली. थोड्या वेळानं परत येते."

"कुठून येते?"

रजतनं मानेनं कोपऱ्याकडे दाखवलं. "त्याच मशीनच्या पत्त्यावरून. वायरसुद्धा नाहीये त्याला, बघून घ्या."

तिनं पडद्यावर बघितलं. रांगेत एकच ओळ होती. नाव, बिल्ला नंबर, आणि पुढे तेच शब्द: बैठिए, बुलाते हैं.

"राहू दे," ती म्हणाली.

"पण मॅडम..."

"रजत, राहू दे म्हटलं ना."

त्यानं खुर्ची आपल्या टेबलाकडे वळवली. पण दुपारी तीनच्या सुमाराला, ज्या वेळी पूर्वी दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायचा, रांग वाढायला लागली. आधी एक ओळ, मग पाच-सहा, मग इतक्या की पडदा सरकवावा लागला. सगळ्या ओळी कोपऱ्यातल्या त्याच मशीनवरून. नावाची जागा कोरी. बिल्ला नंबरही कोरा. फॉर्म असा कोरा जाऊच शकत नव्हता. तिनंच ती अट घातली होती.

आणि खोलीत वास आला. तो कसला हे रजतला कळेना. तिला ताबडतोब कळलं. यंत्राचं तेल, गरम लोखंड, आणि सुताला लावायच्या खळीचा तो आंबूस वास. वीस वर्षं तिनं तो नवऱ्याच्या शर्टाच्या कॉलरमधून धुऊन काढला होता.

वास अर्ध्या तासानं विरला. रांगेतल्या कोऱ्या ओळीही गेल्या. लक्ष्मीकांतांची तेवढी राहिली. सुहासिनी उठली आणि कोपऱ्यातल्या मशीनपाशी गेली. निळ्या कापडावर पांढरं काहीतरी भुरभुरलेलं होतं. तिनं बोट फिरवलं. कापसाचे तंतू होते, आणि ते कोमट होते.

*

असं रोज होऊ लागलं. सकाळी सगळं ठीक, आणि दुपारी तीनला रांग. त्या रांगेत खऱ्या कामगारांच्या विनंत्याही अडकू लागल्या. परदेशीपुऱ्यातून, नंदा नगरातून माणसं सायबर कॅफेत बसून वाट बघत आणि उत्तर न घेता परत जात. एका म्हातारीनं तर कॅफेवाल्याच्या मोबाइलवरून फोन केला. "बेटा, हे म्हणतं बैठिए. मी दोन दिवसांपासून बैठूनच आहे. डायलिसिसवाले कार्ड मागून राहिले."

सुहासिनीनं तिचं नाव हातानं शोधून दिलं. पण हातानं किती जणांचं देणार?

आणि खात्याचे अधिकारी सोमवारी काम बघायला येणार होते. रांग रिकामी दिसली तरच वेबसाइट पास होणार होती. नाहीतर काम रद्द, आणि या लोकांचं कार्ड पुन्हा कुठल्या तरी कपाटात.

शुक्रवारी जेवणानंतर रजतनं तिच्यासमोर खुर्ची ओढली.

"मॅडम, मी तीस सेकंदांची लिमिट लावून राहिलो. जे पण असेल ते कटेल. काकांचंपण."

"नाही लावायची."

"क्यों? मला समजवा ना. भूत आहे म्हणून? लोक हसतील आपल्यावर!"

"भूत असो नाहीतर काही असो," ती शांतपणे म्हणाली, "रांगेत उभ्या माणसाला उत्तर देऊन मोकळं करतात. कापत नाहीत. एकदा कापलं होतं ना त्यांना? काय झालं, बघतोयस."

"मॅडम, कंपनी माझी आहे."

"आणि हा प्रोग्रॅम माझा आहे. लाव लिमिट. मी काढून टाकीन. तू परत लाव, मी परत काढीन. तुला पाढे मी शिकवलेत, रजत. कोण आधी दमतं ते बघू."

त्यानं ती लावलीच. तिच्यासमोर, ओठ घट्ट मिटून. तीनला रांग आली. तीस सेकंद झाले आणि एका झटक्यात सगळ्या ओळी पुसल्या गेल्या. रजतनं श्वास सोडला. "बघा! कुछ नहीं होता..."

आणि रांग परत आली. दुप्पट. पुन्हा पुसली गेली, पुन्हा आली, चौपट. माणसं चिडून बटण दाबत राहतात तसं. सर्व्हरचा पंखा घरघरू लागला. तेवढ्यात वीज गेली. त्या उन्हाळ्यात ती रोजच जायची. पण त्या दिवशी यूपीएससुद्धा एकदाच किंचाळला आणि बंद पडला. पडदे ओढलेले होते. खोलीत पिवळट काळोख झाला. सगळे मॉनिटर मेले, सगळे आवाज थांबले.

एक सोडून.

कोपऱ्यातल्या त्या मशीनचा पंखा फिरत होता. निळ्या कापडाच्या आतून उजेड येत होता. कापडाचं सूत न् सूत दिसत होतं.

"मॅडम..." रजत कुजबुजला. "वायर... नाहीये त्याला..."

खळीचा वास दाटला. मग जिन्यावरून आवाज आले. चपलांचे. खूप चपलांचे, पण घाई नसलेले. दाराबाहेर ते थांबले. कुणीतरी खोकलं. कापसाच्या खात्यात जन्म काढलेल्या माणसाचा तो कोरडा, खोल खोकला. दाराच्या खालच्या फटीतून ऊन येत होतं, ते हळूहळू पावलांनी भरलं.

दारावर कुणी थाप मारली नाही. ते तसे उभे राहायला शिकलेले लोक होते.

रजतनं तिचा दंड धरला. सुहासिनीलाही भीती वाटत होती. पण त्या भीतीच्या खाली दुसरंच काही उसळून आलं होतं. त्या दिवशी 'बैठो' म्हणून खिडकीसमोर बसवलेले हे लोक पाच वर्षं थांबून होते. आणि तिचा नवरा पाच वर्षं त्यांच्यासाठी अर्धा घास हातात धरून थांबत होता. एवढं सगळं कशामुळे? कुणीतरी एका वाक्याची तसदी घेतली नाही म्हणून.

ती उठली आणि दारापाशी गेली. दार उघडलं नाही. नुसती मोठ्यानं म्हणाली, "बैठो. पूछने की ज़रूरत नहीं है अब. मैं आती हूँ. कल, खिडकी पे."

मग फटीतलं ऊन एकेक पावलानं मोकळं झालं.

*

शनिवारी दुपारी नगर सेवेच्या मिनीबसनं ती मिलच्या गेटावर उतरली. संताजी स्टुलावर बसून होता. मिल बंद झाल्यावर त्यालाच तिची राखण मिळाली होती, कारण तो समोरच राहायचा आणि जाणार कुठं, हा प्रश्न होता. तिला बघून तो उठला.

"ताई, या वेळेला नका जाऊ आत. तीन वाजून राहिले."

"म्हणूनच आले. तुम्हाला काही दिसतं का हो या वेळेला?"

संताजीनं निंबाकडे बघितलं नाही. "मी दोन ते चार तिकडे पाठ करून बसतो," तो म्हणाला. "भाई लोक आपलेच आहेत. पण पाठ करून बसतो."

"किल्ली द्या."

"मी येऊ सोबत?"

"नको. तुम्ही पाठ करूनच बसा."

टाइम ऑफिसात धुळीचा जाड थर होता, पण लक्ष्मीकांतांच्या खुर्चीपुढचं टेबल अजून पुसलेलं दिसत होतं. खुर्ची खिडकीकडे थोडी वळलेली. तिनं तिला हात लावला नाही. टेबलाचा खण ओढला. बदलीची कार्डं रबरानं बांधलेली तिथंच होती. रबर वाळून कार्डांना चिकटला होता. ती तिनं हातात घेतली आणि खिडकीची झडप वर ढकलली.

समोर ओसाड मैदान. निंब. त्याच्याखाली कुणी नव्हतं. लू वाहत होती आणि निंबाची पानं मात्र हलत नव्हती. सावली हवी त्यापेक्षा गडद होती, आणि मोठी. इतक्या उन्हात एवढी सावली एका झाडाची नसते.

कुठंतरी भोंगा झाला. मिलच्या भोंग्याचं भांडं केव्हाच भंगारात गेलं होतं, हे तिला ठाऊक होतं.

तिनं पहिलं कार्ड उचललं. वरचं नाव वाचलं. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा वाचलं, शाळेत हजेरी घेताना घ्यायची तसं, स्पष्ट. "आज नाही," ती म्हणाली. मग तिला वाटलं, हे पुरेसं नाही. इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला एवढंच सांगायचं? "आज नाही आणि उद्याही नाही. मिल बंद झाली. तुम्हाला सांगायला हवं होतं, त्यांनी सांगितलं नाही. लाज त्यांनी वाटून घ्यावी. तुम्ही नाही. घरी जा."

कार्ड तिनं खिडकीच्या फळीवर ठेवलं. फळीवर काहीतरी टेकलं, जाड नखाच्या बोटांसारखं. कार्ड सरकलं आणि कडेवरून दिसेनासं झालं. तिनं वाकून बघितलं नाही. पुढचं उचललं.

एकेक नाव. प्रत्येक वेळी तेच वाक्य. जसजशी ती पुढे गेली तसतसा तिचा आवाज चढत गेला. घसा कोरडा पडला, पण तिनं एकही नाव पुटपुटलं नाही, एकही वाक्य अर्ध्यात सोडलं नाही. निंबाची सावली लहान होत होती. शेवटचं कार्ड गेलं तेव्हा ती एका झाडाएवढी झाली. पानं हलायला लागली.

तिनं झडपेला हात घातला.

मागे खुर्ची कुरकुरली.

लवंगेचा वास आला. ते तोंडात नेहमी एक लवंग धरत. तिनं मान वळवली नाही.

"सुहास..." अगदी हळू. "सगळ्यांना सांगितलंस?"

"सांगितलं."

"बरं झालं." वजनाखाली दबलेलं खुर्चीचं लाकूड कुरकुरत राहिलं. "आणि... माझं?"

तिला कळलं, की हे एक उत्तर दिलं तर तेही जातील. नियमच तसा होता. नाव घ्यायचं, आज नाही म्हणायचं, आणि माणूस निंबाखालून उठून जायचा. तिनं जगाला खडसावून नियम पाळला होता. पण तो पाळायचा हक्क तिचा होता, तर मोडायचाही तिचाच होता.

"तुमचं उत्तर मी देणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, मी कुठं जातोय. मग बसा."

मागून हसल्यासारखा आवाज आला. की नुसताच श्वास होता, कोण जाणे.

रांगेत एक जण बाकी होता. तिनं झडप उघडीच ठेवली, किल्ली संताजीला दिली आणि मिनीबस धरली.

*

सोमवारी अधिकारी आले. तीन वाजले, साडेतीन वाजले. रांग वाढली नाही. खऱ्या विनंत्या येत होत्या, थांबत होत्या, उत्तर घेऊन जात होत्या. दोन दिवस बसून राहिलेल्या त्या म्हातारीसारख्यांनाही पाच-सात मिनिटांत उत्तर गेलं. रजतचा घाम वाळला. अधिकारी पडद्यावर वाकला.

"ये एक पेंडिंग क्यों है?"

रजत काही बोलायच्या आत सुहासिनी म्हणाली, "वो मेरा है. रहने दीजिए."

"पर शून्य होना चाहिए..."

"साहब," ती म्हणाली, "इतनी मिलें बंद हुईं, आप लोगों ने कभी बकाया शून्य देखा है?"

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग सही केली. जिन्यावरून उतरताना रजत म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण ना... मरवा दिया होता." पण तो हसत होता.

पुढे ती मिल पाडली. निंब गेला, गेट गेलं, खिडकी गेली. संताजी मुलाकडे गौतमपुऱ्याला गेला. जाताना त्यानं सांगितलं की भिंत पडेपर्यंत ती झडप कुणाला लावता आली नाही. वेबसाइट चालू राहिली. कोपऱ्यातलं मशीन निळ्या कापडाखाली तसंच राहिलं. रजतनं ते भंगारवाल्याला देण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही.

मग एका दुपारी, तीनला थोडा वेळ असताना, सुहासिनी जिरावण घालून पोहे खात होती. रजत पडद्यापाशी होता.

"मॅडम... इकडे या."

रांगेत लक्ष्मीकांतांची ओळ होती. तिच्याखाली आता दुसरी ओळ होती. त्याच मशीनवरून आलेली. बिल्ला नंबर नव्हता. नावाच्या जागी सुहासिनीचं नाव होतं, आणि पुढे ते शब्द. बैठिए, बुलाते हैं.

"तुम्ही पाठवली?"

"नाही."

खोलीत लवंगेचा वास होता. तिनं बशी खाली ठेवली, हात पुसले आणि ती ओळ पुन्हा वाचली. मग तिनं मान ताठ करून कोपऱ्यातल्या निळ्या कापडाकडे बघितलं, वर्गात मागच्या बाकावरून कुणी खोडी काढली की बघायची तसं.

"बोलवा सावकाश," ती म्हणाली. "मला कामं आहेत."

"मॅडम, ही तरी रद्द करू?" रजतनं विचारलं. "प्लीज. एक क्लिक आहे."

तिनं त्याला माउसला हात लावू दिला नाही. ती विनंती अजून रद्द केलेली नाही.